निखारा अंगणातच बरा

डिसेंबर उजाडला की बदलापूरच्या आसपासच्या फार्महाऊसचे शनिवार-रविवार भरून जातात. बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडेश्वरच्या वाटेवर, मुळगावच्या बाजूला संध्याकाळ झाली की कुठे ना कुठे धूर दिसू लागतो. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतून, अंबरनाथच्या पूर्व-पश्चिमेतून मंडळी गाड्या भरून येतात. डिकीत लोखंडी शेगडी, कोळशाची पिशवी आणि डब्यात सकाळपासून मसाला लावून मुरवत ठेवलेले चिकन. शाकाहारी मंडळींसाठी पनीर, सिमला मिरची आणि मक्याची कणसे. मुले क्रिकेट खेळतात, तरुण मंडळी पुठ्ठ्याने वारा घालतात आणि खुर्चीत बसलेले एखादे काका हमखास म्हणतात, "अरे, ते काळे झालेले खाऊ नका. त्याने कॅन्सर होतो म्हणे."

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण त्याच वेळी आजूबाजूला काय चाललेले असते ते पाहावे. कोळसा पेट घेत नाही म्हणून कुणीतरी मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढायला निघालेले असते. ज्या ताटातून कच्चे चिकन शेगडीपाशी आले, त्याच ताटात भाजलेले तुकडे काढले जात असतात. आणि रात्री गारठा वाढला की "एवढे निखारे वाया कशाला घालवायचे?" असे म्हणत तीच शेगडी झोपायच्या खोलीत नेण्याचा बेत ठरत असतो. या तिन्ही गोष्टींवर काका काहीच बोलत नाहीत.

उघड्यावर भाजून खाण्याबद्दलच्या आपल्या भीतीचा क्रम असा उलटा लागलेला आहे. काळा डाग करेल ते नुकसान थोडे, आणि तेही वर्षानुवर्षांच्या सवयीने होणारे. खोलीत नेलेली शेगडी मात्र एका रात्रीत घरातल्या सगळ्यांचा जीव घेऊ शकते. भाजून खाण्याची मौज सोडण्याची गरज नाही. कशाला किती घाबरायचे, एवढेच समजून घ्यायला हवे.

निखारा शिजवतो कसा?

आपण सरसकट 'बार्बेक्यू' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या पद्धती आहेत. निखाऱ्यावर थेट जाळी ठेवून किंवा सळईला तुकडे ओवून भर आचेवर झटपट भाजणे, हे ग्रिलिंग. मंद आचेवर, बहुधा झाकण लावून, आच बाजूला ठेवून तासन्‌तास शिजवणे, हा खरा बार्बेक्यू. आपल्याकडच्या सहलींत होते ते बहुतेक वेळा ग्रिलिंगच.

लाकडी कोळसा म्हणजे कमी हवेत जाळून पाणी आणि बाष्पशील पदार्थ काढून टाकलेले लाकूड. त्यामुळे तो नीट पेटला की ज्वाळा आणि धूर फारसा राहत नाही. लालबुंद निखाऱ्याचे तापमान सहाशे-सातशे अंश सेल्सियसच्या घरात असते आणि त्याची उष्णता मुख्यतः किरणोत्सर्जनाने, म्हणजे उन्हासारखी, थेट पदार्थावर येते. पदार्थाचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की त्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते. तपकिरी रंग आणि तो हवाहवासा खमंग वास या क्रियेतून येतो.

पण याच गुणात एक गोम आहे. मांस उष्णतेचे चांगले वाहक नाही. बाहेरून करपायला आलेला जाड तुकडा आतून थंडच असू शकतो. घाई झाली की तुकडा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. म्हणून जाणकार मंडळी ज्वाळा विझण्याची वाट पाहतात. कोळशावर करड्या राखेचा पातळ थर धरला की मगच जाळी ठेवतात. ही पंधरा-वीस मिनिटांची वाट पाहणे चव आणि आरोग्य दोन्ही राखते.

धोका पहिला: वास नसलेला वायू

निखारा लाल दिसतो, धूर दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात धूर न देणारा निखाराच फसवा असतो. कोळसा जळताना पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो. पण शेगडीतल्या कोळशाच्या थरात खालच्या बाजूला तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर सरकताना पुन्हा तापलेल्या कोळशाला भिडतो आणि त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर निघून जातो. बंद खोलीत तो साठत राहतो.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्यामुळे हवेत हा वायू थोडा असला तरी हळूहळू रक्तातल्या जागा तोच अडवून बसतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, झापड, गोंधळल्यासारखे होणे. जागा माणूस निदान उठून बाहेर येऊ शकतो. झोपलेल्याला हे काहीच कळत नाही. झोपेतून तो थेट बेशुद्धीत जातो. लहान मुले, वयस्क, हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती यांना धोका अधिक. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळहून फिरायला गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले. तिथे शेगडी नव्हती, गॅसवर चालणारा हीटर होता. पण बंद खोली आणि अपुरी हवा हे गणित तेच. "ती थंडी उत्तरेतली, आपल्याकडे कुठे?" असे कुणी म्हणेल. पण डोंगरांच्या कुशीतल्या बदलापूरला मुंबईपेक्षा थंडी जास्त पडते, आणि रात्री तंबूत झोपण्याची हौस हल्ली वाढली आहे. तंबू म्हणजे हवा कोंडणारी लहानशी खोलीच.

शहरातही हा धोका वेगळ्या रूपात येतो. उल्हासनगरच्या दाटीच्या इमारतींत काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली बाल्कनी, पावसाने अचानक गाठले म्हणून जिन्यात ओढून घेतलेली शेगडी, शटर अर्धे खाली ओढलेला गाळा, या सगळ्या जागा 'बाहेर' वाटतात पण बाहेर नसतात. एक खिडकी किलकिली ठेवली म्हणजे भागते, हाही गैरसमज आहे. शेगडीवरचे पदार्थ संपले तरी निखारे कित्येक तास जिवंत असतात आणि वायू सोडत राहतात. राखेने झाकलेला, विझल्यासारखा दिसणारा निखाराही त्याला अपवाद नाही.

इथे डॉक्टरांनाही फसवणारी एक गोष्ट आहे. कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्याच्या बोटाला ते लावले तर आकडा ९८, ९९ असा उत्तम येऊ शकतो. कारण हे साधे यंत्र ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. तेव्हा आकड्यावर विसंबू नये. शेगडी असलेल्या जागेत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर ते जेवण बाधल्याचे लक्षण समजून झोपून राहू नये. सगळ्यांना तडक मोकळ्या हवेत न्यावे, १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच "खोलीत कोळशाची शेगडी होती" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम सुमारे एक-दीड तासात होते. उपचार साधा आहे, पण तो सुचण्यासाठी शेगडीची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

धोका दुसरा: बाटलीतले पेट्रोल

कोळसा लवकर पेटत नाही, धीर सुटतो. मग पेट्रोल, थिनर, रॉकेल, नाहीतर घरात उरलेले सॅनिटायझर ओतले जाते. कोळसा विझला असे वाटले तरी आत धग असते. पेट्रोल त्या धगीवर पडताच त्याची वाफ होते, आणि पेट घेते ती ही वाफ. धारेवरून ज्वाळा उलटी बाटलीकडे येते आणि ओतणाऱ्याच्या हातातच भडका उडतो. चेहरा, हात आणि छाती भाजते. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची ज्वाळा फिकट निळी असते. दिवसाउजेडी ती दिसतही नाही. "पेटले नाही" असे समजून दुसऱ्यांदा ओतायला जाणारा माणूस त्यात सापडतो.

अंबरनाथमध्ये एकेकाळी विमकोच्या काड्यापेट्या बनत. 'विमको नाका' हे नाव आजही तिथे आहे. त्या गावाच्या परिसरात तरी आग पेटवायला पेट्रोल लागू नये! कागदाचे बोळे किंवा नारळाची शेंडी खाली, त्यावर बारीक काटक्या, त्यावर लहान कोळसे आणि मग मोठे, अशी उतरंड रचली की एक काडी पुरते. कापूरही चालतो. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे भरून खालून कागद पेटवला तर धुराड्यासारखा वारा खेचला जातो आणि पंधरा मिनिटांत निखारे तयार होतात.

भाजण्याचा आणखी एक प्रकार पालकांच्या ध्यानात येत नाही. नदीकाठी किंवा शेतात खाणे आटोपले की उरलेल्या निखाऱ्यांवर वाळू-माती लोटून मंडळी निघतात. वर माती दिसते, आत मात्र धग तासन्‌तास टिकते. अनवाणी खेळणारे मूल नेमके त्यावर पाय देते आणि दोन्ही तळपाय पोळून निघतात. माती लोटणे म्हणजे विझवणे नव्हे. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि हात जवळ नेल्यावर धग लागत नाही याची खात्री करूनच उठावे. कोरड्या गवताच्या दिवसांत रानाला लागणारे वणवेही यामुळे टळतील.

तरी भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. ते खरवडून काढताना रुग्णाला दुप्पट यातना होतात आणि जखम किती खोल आहे तेही कळत नाही. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर आडवे पडून लोळावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर रुग्णालय गाठावेच. उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय या तिन्ही शहरांतून जवळ पडते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्यांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

धोका तिसरा: एकच ताट, एकच ब्रश

सहलीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांनी घरातली चार माणसे आडवी होतात आणि दोष दिला जातो "बाहेरच्या पाण्याला". अनेकदा दोषी चिकन असते. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास सुरू व्हायला दोन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रविवारच्या शेगडीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

चूक बहुधा घरापासूनच सुरू होते. मसाला लावलेले चिकन डब्यात भरून गाडीत ठेवले जाते. वाहतुकीत अडकत पोहोचायला दोन तास, मग शेगडी लावायला एक तास. पाच ते साठ अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा टापू. कच्चे मांस या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासही पुरे. दही, लिंबू, मीठ लावले म्हणजे ते टिकते, असे नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून त्यात डबा ठेवणे हा साधा उपाय आहे. कच्चे चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडावी. उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात.

शेगडीपाशी दोन ताटे, दोन चिमटे ठेवावेत. एक कच्च्याला, एक भाजलेल्याला. कच्च्या चिकनच्या मसाल्यात बुडवलेला ब्रश शेवटच्या मिनिटाला भाजलेल्या तुकड्यांवर फिरवू नये. तुपाचा किंवा बटरचा हात फिरवायचा तर त्याला वेगळी वाटी, वेगळा ब्रश.

चिकन शिजले हे ओळखायचे कसे? रंगावरून नाही. काश्मिरी मिरची आणि खाण्याचा लाल रंग लावलेला तुकडा आधीपासूनच 'झालेला' दिसतो. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागाच्या आत ७४ अंश तापमान गाठले गेले की ते सुरक्षित, हा खरा निकष. खिम्याच्या कबाबाला ७१ अंश लागतात. कारण वरचे जिवाणू खिमा करताना आतपर्यंत मिसळलेले असतात. आत खुपसून पाहायचा थर्मामीटर आता फार महाग राहिलेला नाही. तो नसेल तर तंगडीला हाडापर्यंत चिरा द्याव्यात, तुकडे लहान ठेवावेत आणि एक तुकडा हाडापाशी कापून पाहावा. अख्खी तंगडी भाजायची असेल तर आधी कुकरमध्ये वाफवून लगेच शेगडीवर न्यावी. अर्धे शिजवून तीन तास डब्यात ठेवणे मात्र सगळ्यात वाईट. कोमट, ओलसर, अर्धवट शिजलेले मांस ही जिवाणूंची मेजवानीच.

आता काकांच्या कॅन्सरकडे

या तीन धोक्यांनंतर काळ्या डागाचा विचार करावा, आणि तो मोजूनमापून करावा. मांस फार उच्च तापमानावर भाजले की त्यातली प्रथिने आणि स्नायूंमधले क्रिएटिन यांपासून 'हेटेरोसायक्लिक अमाइन' नावाची संयुगे बनतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की फसफसून धूर येतो. त्या धुरात 'पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन' गटातली संयुगे असतात आणि ती पदार्थावर बसतात. त्यांपैकी बेंझोपायरीन माणसात कर्करोग घडवू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. याच संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगकारक असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात टाकले आणि मटण-बीफसारख्या लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले.

पहिला गट म्हटल्यावर लोक घाबरतात, कारण त्याच गटात तंबाखूही आहे. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्याचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे ती संस्था सांगते. इथे महत्त्वाचा शब्द 'रोज' हा आहे. हिवाळ्यात दोन-चारदा शेगडीवरचे चिकन खाणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये. जेवणानंतर तीच मंडळी कोपऱ्यात जाऊन सिगारेट ओढत असतील किंवा गुटख्याची पुडी फोडत असतील, तर कॅन्सरची चिंता तिथे करावी.

तरी ही संयुगे कमी करणे सोपे आहे. ज्वाळेवर नव्हे, राख धरलेल्या निखाऱ्यावर भाजावे. दृश्य चरबी आणि कातडी काढावी. तुकडे वारंवार उलटावेत. आधी थोडे वाफवून घेतले की शेगडीवरचा वेळ घटतो. दही, लिंबू, लसूण, हळद यांत मुरवल्याने ही संयुगे कमी बनतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आपला मसाला इथे उपयोगी पडतो. मध किंवा साखर घातलेले सॉस मात्र लवकर करपतात. ते शेवटी लावावेत. करपलेला भाग काढून टाकावा. पनीर, वांगी, कणीस यांत स्नायूंमधले क्रिएटिन नसते, त्यामुळे त्यांच्यात अमाइन जवळपास बनतच नाहीत.

पोपटीचे शहाणपण

याच परिसरात, रायगडपासून कर्जत-बदलापूरच्या पट्ट्यापर्यंत, भाजण्याची एक जुनी रीत आहे, पोपटी. वालाच्या शेंगांच्या हंगामात शेतात तिचा बेत ठरतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, मधे बटाटे, अंडी, आणि हवे तर मसाला लावून पानात गुंडाळलेले चिकन. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा, मडके उपडे करायचे आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवायचे. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे. चर्र झाले की पोपटी झाली. पाणी नाही, तेल नाही.

आजच्या विज्ञानाच्या चष्म्यातून पाहिले तर ही रीत फार समंजस आहे. आग बाहेर, अन्न आत. शेंगा आणि पाल्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्यात सगळे शिजते. वाफेमुळे आतले तापमान जाळीसारखे भडकत नाही. चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही, ज्वाळा पदार्थाला शिवत नाही. शेंगांमुळे पोटात चोथाही जातो. काळजी दोनच गोष्टींची: चिकनचे तुकडे लहान असावेत आणि मडके बाहेरून-आतून रंग न दिलेले असावे. पाला ओळखणारा माणूस सोबत असावा, हे सांगायला नकोच. कोणत्याही झाडाच्या काडीला मांस ओवून भाजू नये. कण्हेर दिसायला गोजिरी, पण विषारी असते.

शेगडी कशाची, कोळसा कोणता?

औद्योगिक वसाहतींच्या शेजारी भंगार स्वस्त मिळते. रसायनांचा रिकामा ड्रम उभा कापून त्याचा बार्बेक्यू करण्याची युक्ती बऱ्याच जणांना सुचते. ड्रमच्या आतला लेप आणि सांध्यांत उरलेले रसायन तापल्यावर काय वाफ सोडेल, ते कुणालाच सांगता येत नाही. आणि कापताना आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो तो वेगळाच. जुन्या फ्रिजची जाळीही शेगडीवर ठेवू नये. तिच्यावर कॅडमियम किंवा जस्ताचा मुलामा असू शकतो. साधी लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी उत्तम. ती तारेच्या ब्रशने घासली तर तुटलेली तार अन्नाबरोबर घशात जाऊ शकते. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवला की जाळी स्वच्छ होते.

कोळसा लाकडाचाच घ्यावा. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते. प्लायवूड, रंग दिलेले फर्निचर, मालाच्या लाकडी चौकटी जाळू नयेत. त्यांतले डिंक, रंग आणि औषधे धुराबरोबर अन्नात उतरतात.

धूर कुणाच्या वाट्याला?

हौशी माणूस वर्षातून दोन-चार संध्याकाळी शेगडीपाशी उभा राहतो. पण उल्हासनगरच्या रस्त्यांवर, स्टेशनांबाहेर कबाब, तंदुरी आणि कणसे भाजणारा माणूस रोज चार-पाच तास त्याच धुरात असतो. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. दमा आणि जुनाट खोकला बळावतो, हृदयावर ताण येतो. खाणाऱ्याच्या कॅन्सरची चर्चा होते, भाजणाऱ्याच्या छातीची होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या. गॅसची किंवा विजेची शेगडी चवीत थोडी उणी असेल, पण रोज उभे राहणाऱ्यासाठी ती श्वासाचा प्रश्न आहे. तोवर त्याने वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, वारा बाजूने जाईल असे उभे राहावे; खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर छाती तपासून घ्यावी. घरगुती बेतातही दम्याच्या मुलाला शेगडीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावे.

शेवटची दहा मिनिटे

कोळसा पेटवण्याची सगळ्यांना हौस असते. विझवण्याची कुणालाच नसते. पोटे भरलेली असतात, डोळ्यांवर झोप असते आणि शेगडीची जबाबदारी अमक्याची की तमक्याची हे ठरलेले नसते. म्हणून सुरुवातीलाच एक माणूस नेमावा. निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून, शेगडी बाहेरच ठेवून मगच तो झोपायला जाईल. थंडी वाजत असेल तर आणखी एक पांघरूण घ्यावे. काळा झालेला तुकडा काकांनी खुशाल बाजूला काढावा. पण आत जाताना एकदा मागे वळून शेगडी कुठे आहे तेवढे मात्र पाहावे.